बारा पंचवीसचा साक्षीदार

१

दुपारी दीड वाजता आमचे पाद्री दुन मिकील स्वतःच्या किल्लीनं चर्च उघडून आत गेले, आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन पायरीवरच बसले. रविवारच्या मिरवणुकीसाठी नवसाच्या चांदीच्या वस्तू पुसायला काढाव्यात म्हणून ते गेले होते. माउलीच्या वेदीशेजारच्या भिंतीवर चांदीची पावलं होती, हृदयं होती, पाळणे होते. मधली होडी तेवढी नव्हती. खिळा होता. होडी नव्हती, आणि ती जिला टांगलेली असायची ती लाल रेशमी फीतही नव्हती.

तळहाताएवढी होडी. बाजारात नेली तर फार काही येणार नाही. पण लढाईत बंदरावर बॉम्ब पडत असताना आमच्या इस्ला गावचे सगळे नावाडी जिवंत परतले, तेव्हा त्यांच्या बायकांनी अंगावरची चांदी उतरवून ती घडवली होती. आमच्याकडे मुलं खोटं बोलली की आया आजही म्हणतात, होडीवर हात ठेवून सांग.

दाराचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच. एक दुन मिकीलच्या गळ्यात, आणि दुसरी एकेचाळीस वर्षं चर्चची राखण करणाऱ्या माझ्या बापाच्या कमरेला.

मी त्या वेळी बंदराच्या पलीकडे, व्हॅलेटात होते. माझ्या पाहुण्यांना धक्क्यावरच्या कॅफेत बसवून वर चढत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"चेत्ता, मी साल्वूची बायको. तू बसल्येस का उभी आहेस?"

"चालत्येय. का गं?"

"मग आधी बस. तुझ्या पापांना सार्जंट रेनाल्डनं चर्चच्या मागच्या खोलीत बसवून ठेवलंय. होडी चोरली म्हणतात."

२

माझा धंदा म्हणजे आठ तासांत माल्टा. जहाज सकाळी लागतं, संध्याकाळी साडेपाचला सुटतं, पाचच्या आत सगळ्यांनी वर चढलंच पाहिजे. तेवढ्या वेळात लोकांना किल्ले हवेत, चर्च हवीत, समुद्र हवा आणि वर खरेदीही हवी. मी पंधरा वर्षं हेच करत्येय. काय दाखवायचं यापेक्षा काय गाळायचं, हेच खरं कसब.

त्या दिवशी चौघे होते. लिस्बनचं एक नवं जोडपं, ज्यांना सगळंच बघायचं होतं. मिस व्हिटलो नावाच्या इंग्रज बाई, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, अंगानं काडी, बोलायला साखर. आणि नॉर्वेचे श्री. ब्रेक्के, सत्तरीचे निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांच्या मुलीनं हातातलं घड्याळ आणि फोन दोन्ही काढून घेऊन त्यांना सुटीवर धाडलं होतं. दहा दिवस वेळ बघायची नाही, असा दम भरून. बिचारे गावोगावची घड्याळं हुडकत हिंडत होते. दारू सोडलेला माणूस दुकानांच्या पाट्या वाचतो ना, तसे.

अकराच्या सुमाराला साल्वूच्या होडीतून आम्ही बंदर ओलांडून इस्लाला आलो. वाऱ्यानं मिस व्हिटलोंची गवती टोपी दोनदा उडाली. दुसऱ्या खेपेला साल्वूनं ती वल्ह्यानं अडवली. आमच्या गावात पाहायचं म्हणजे चर्च आणि टोकावरची बाग. पैकी बाग बादच होती. जत्रेच्या आठवड्यात तिथं आतषबाजीच्या नळ्या पुरतात, त्यामुळे सोमवारपासून वाटेवर दोर असतो. उरलं चर्च. दोन मनोरे, दोन घड्याळं, समोर चौक. चौकात उभं राहून मी रोज सैतानाची गोष्ट सांगते. त्या दिवशी लिस्बनच्या बाईंना लेस घ्यायची घाई झाली होती, म्हणून तीही गाळली.

आत पापांनी होडीची हकिकत सांगितली. मिस व्हिटलोंनी इतक्या मायेनं विचारलं, की पापांनी ती खिळ्यावरून काढून क्षणभर त्यांच्या हातावर ठेवली.

"किती हलकी आहे," त्या म्हणाल्या.

पावणेबाराच्या आधीच आम्ही चौकात आलो. मी बजावलं, "बाराला पलीकडच्या तटावरून तोफ होते. ती झाली की जेवण. तोवर मोकळे." ब्रेक्के उजव्या मनोऱ्याच्या पायथ्याशी बाकावर बसले. जोडपं माझ्याबरोबर लेसच्या दुकानात आलं. मिस व्हिटलो पाय मोकळे करायला गेल्या. तोफ झाली, घंटा झाल्या, मी गरम पस्तित्सी घेऊन आले, आमच्याकडच्या करंज्याच त्या, काही चीजच्या, काही वाटाण्याच्या. सगळ्यांच्या मागून मिस व्हिटलो आल्या, गाल लाल झालेले.

"टोकापर्यंत जाऊन आले," त्या म्हणाल्या. "तोफेचा धूर काय सुरेख दिसतो तिथून."

पावणेएकपर्यंत आम्ही पाचही जण एकाच बाकाभोवती खात होतो. परतताना वारा तेवढाच होता, पण त्यांची टोपी जागची हलली नाही.

"बांधलीत वाटतं," मी म्हटलं.

"शहाणपण उशिरा येतं," त्या हसून म्हणाल्या.

३

मी इस्लाला पोचेपर्यंत रेनाल्डनं पलीकडच्या चौकीतल्या हवालदाराकडून माझ्या चौघांचे जबाब घेववलेही होते. रेनाल्ड माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी पापांनीच त्याचा शेंबूड पुसला होता. आता तो कागद समोर धरून त्यांच्याशी बोलत होता.

"कार्मनू, बारा पंचवीसला तुम्ही कुठं होता?"

"अंथरुणात. तोफ झाली, मी कुलूप लावलं, घरी गेलो."

"कुलूप लावताना होडी जागेवर होती?"

"सगळं जागेवर होतं," पापा म्हणाले. जरा लगेचच म्हणाले.

"मग हे ऐका." रेनाल्डनं वाचून दाखवलं. बाजूच्या दारातून काळ्या टोपीतला म्हातारा घाईनं बाहेर पडला. कमरेला किल्ली. काखेत निळ्या चौकडीच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी. वेळ बारा पंचवीस, चर्चच्या घड्याळात पाहिलेली. खाली सही, ब्रेक्के.

चर्चचं घड्याळ म्हणजे इस्लात देवाच्या खालोखाल. नेनू दर सोमवारी वर चढून त्याला किल्ली देतो आणि मिनिटाचा फरक पडू देत नाही. त्यावर कोण काय बोलणार?

"बारा पंचवीसला मी बाहेर पडलो नाही," पापा म्हणाले.

"आणि गाठोडं?"

पापांनी तोंड मिटलं. ते तोंड मी ओळखते. आई गेली तेव्हा असंच आठवडाभर मिटलं होतं.

"सार्जंट," मी म्हटलं, "आमचं घर लाल क्लबचं आहे. आमच्याकडे निळं फडकं काय, निळा दोरा सापडायचा नाही."

हे कुणीही कबूल केलं असतं. इस्लात दोन बँड क्लब आहेत, लाल आणि निळा, आणि माणूस आधी त्यांतल्या एकाचा असतो, मग आईबापांचा. लालांच्या घरात निळा पडदा लागत नाही, निळी कपबशी येत नाही. माझी एक मावशी निळ्याशी लग्न करून तीन गल्ल्या पलीकडे गेली. आजी तिला 'परदेशातली' म्हणायची.

"फडकं कुणाचंही असेल," रेनाल्ड म्हणाला. "माणूस तर हाच ना? बारानंतर दार उघडायला किल्ल्या दोन. दुन मिकील सव्वाबारा ते दीड बिशपांच्या माणसांबरोबर जेवत होते, आठ जणांनी पाहिलंय. सहाला मॅजिस्ट्रेट येतायत. मग माझ्या हातात काही नाही, चेत्ता."

दुन मिकीलनी पुढं होऊन पापांच्या कमरेची किल्ली सोडवली. पापांनी हात वर धरले, शिंप्यापुढे माप द्यायला उभं राहावं तसे.

आणि मग मी ते विचारलं, जे मला आयुष्यभर पुरणार आहे.

"पापा, कुठं ठेवलीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळख पटत नसलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

४

मी चौकात येऊन उभी राहिले. तीन वाजून गेले होते. साडेपाचला साक्षीदार समुद्रावर जाणार होता, त्याची सही मात्र इथं राहणार होती. सकाळपासून फटाक्यांचे बार चालूच होते. बार झाला की कबुतरं उडत होती आणि परत बसत होती. मला काहीच सुचेना. शेवटी मी आमच्या घरातल्या कुणीही तीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. चौक ओलांडून निळ्या क्लबाच्या गल्लीत शिरले.

विस्तिन आपल्या दारात खुर्ची टाकून बसला होता. बत्तीस वर्षं बंदर पोलिसात काढलेला माणूस; गुडघे गेले, डोकं राहिलं. त्याचं आणि पापांचं बोलणं तीस वर्षांपूर्वी जत्रेतच तुटलं. पापांनी त्याच्या ढोलात सुरी खुपसली, असं निळे म्हणतात. ढोल आधीच फाटका होता, असं आम्ही म्हणतो.

"कोण, लालांची पोर?" तो म्हणाला. "वाट चुकलीस का देव आठवला?"

"झियू विस्तिन," लहानपणी म्हणायचे तसं मी त्याला काका म्हटलं, "पापांना धरलंय."

"ऐकलं. क्लबात दोघांनी बाटली उघडली. मी नाही घेतली, डॉक्टर नको म्हणतो."

त्याच्यासमोर स्टुलावर अर्धा पाव होता, तेल आणि टोमॅटो चोळलेला, खाली फडकं. मी पावाकडे बघितलं असावं.

"शेजारची जुझा ठेवते," तो म्हणाला. "गुडघे गेल्यापासून तीन वर्षं. तोफेच्या आधी दारात गाठोडं हजर. लाजरी आहे, कधी दार वाजवत नाही. बरं, सांग. वकिलासारखं नको, बाईसारखं सांग, म्हणजे काही राहणार नाही."

मी सगळं सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. निळ्या चौकडीच्या फडक्यापाशी त्याचे डोळे उघडले.

"पुन्हा सांग. कसलं फडकं?"

"निळ्या चौकडीचं. तेच तर म्हणत्येय मी, आमच्या घरात निळा दोरासुद्धा..."

"ते कळलं." त्यानं उरलेला पाव उचलून ताटलीत ठेवला, खालचं फडकं घडी करून खिशात घातलं, आणि गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुझा स्टेशनमास्तर बसला होता कुठं?"

"बाकावर. उजव्या मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी."

"तोंड चौकाकडे?"

"नाही, बाजूच्या दाराकडे. डावीकडे."

"आणि त्याला सैतानाची गोष्ट सांगितली होतीस?"

"वेळ नव्हता. आत्ता त्या गोष्टीचं काय?"

"साल्वूला होडी काढायला सांग," विस्तिन म्हणाला आणि खुर्चीचे हात धरून उठला. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षांत त्यानं होडीत पाय ठेवला नव्हता.

५

त्याला पायऱ्या उतरवून होडीत बसवायला चौघे लागले, त्यात दोन लाल होते. लाल माणसाच्या खांद्यावर हात टाकताना तो म्हणाला, "हे कुणाला सांगू नका, क्लबातली मतं जातील माझी." पलीकडच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. जहाज समोर उभं होतं, आमच्या गावापेक्षा उंच. पाहुणे पिशव्या सांभाळत फाटकातून आत चालले होते.

लिस्बनचं जोडपं आलं आणि गेलं. मग मिस व्हिटलो आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"वडिलांचं कळलं. फार वाईट झालं. किती सज्जन माणूस. मला नाही वाटत त्यांनी असं केलं असेल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभरात हे वाक्य बोलणारी ती पहिली व्यक्ती होती, आणि मुलगी असून मी ते बोलले नव्हते. त्या फाटकातून आत गेल्या, हनुवटीखाली टोपीची गाठ, खांद्याला पिशवी. विस्तिननंही टोपीला हात लावला.

ब्रेक्के पाचला दहा कमी असताना आले. विस्तिननं त्यांना साखळी बांधायच्या लोखंडी खुंटावर बसवलं आणि स्वतः साल्वूच्या खांद्याला धरून उभा राहिला. मी मध्ये दुभाषी.

"तो म्हातारा दिसला तेव्हा तुम्हाला भूक लागली होती?"

ब्रेक्के गोंधळले. "हो. फार. बाईंनी सांगितलं होतं, तोफ झाली की जेवण. मी वाटच बघत होतो. मग एक मोठा आवाज झाला, पण आवाज तर सकाळपासून चालू होते. मग घंटा झाल्या आणि बाई त्या गरम करंज्या घेऊन आल्या."

"म्हणजे म्हातारा आधी, करंज्या नंतर?"

"अर्थात. खाताना मी दाराकडे कशाला बघेन?"

पस्तित्सी मी बाराला आणल्या होत्या.

"आणि घड्याळ?" विस्तिननं विचारलं. "बाकावरून तुम्हाला किती मनोरे दिसत होते?"

"एक. दुसरा डोक्यावर होता. म्हातारा दिसला तेव्हा एकदाच मान वर केली, दिसत होता त्याच्यावर बारा पंचवीस. मी चाळीस वर्षं घड्याळं वाचली आहेत, साहेब."

"वाचलंत बरोबरच," विस्तिन म्हणाला. "पण ते घड्याळ नाही."

६

सैतानाची गोष्ट अशी आहे. आमच्याकडे चर्चला दोन मनोरे आणि दोन घड्याळं असतात. उजवं खरं. डावं नुसतं रंगवलेलं, काटे भिंतीवर काढलेले. सैतान आत्मे पळवायला टपलेला असतो. त्याला प्रार्थनेची खरी वेळ कळू नये, तो डाव्याकडे बघून फसावा, म्हणून. आमचं डावं घड्याळ दोनशे वर्षं बारा पंचवीस दाखवतंय. इस्लाचं शेंबडं पोरही त्याच्याकडे बघत नाही. आणि दुसरा कुणी बघेल हे आमच्या मनातच येत नाही. रेनाल्डच्या आलं नाही, दुन मिकीलच्या आलं नाही. रोज ही गोष्ट विकून पोट भरणाऱ्या माझ्याही आलं नाही. 'चर्चचं घड्याळ' म्हटल्यावर आम्हा सगळ्यांना उजवंच दिसलं.

"म्हणजे पापा बाहेर पडले ते बाराच्या आधी," मी म्हटलं.

"बाराला दहा कमी असताना. रोज तेव्हाच पडतो वाटतं." विस्तिन माझ्याकडे बघत नव्हता. "सगळ्यांनी त्याला बारा पंचवीसचं विचारलं. तो नाही म्हणाला, आणि ते खरंच होतं. दहा मिनिटं चर्च उघडं आणि रिकामं. तोफेला धापा टाकत परत आला आणि भिंतीकडे न बघता कुलूप ठोकलं. सगळं जागेवर होतं म्हणाला, कारण एकेचाळीस वर्षं असतंच. म्हणून कुलुपाला धक्का नाही. होडी बाराच्या आधी गेली, पोरी. आता सांग, बाराच्या आधी तुझे चौघे कुठं होते?"

मी बोटं मोडत गेले. ब्रेक्के बाकावर, बाजूच्या दारासमोर. पुढचं मोठं दार त्यांना दिसतच नव्हतं. जोडपं माझ्यासमोर लेस चिवडत होतं. बारा पंचवीसला सगळेच माझ्यापुढं खात होते, म्हणून तर कुणावर संशय गेला नाही. आणि बाराच्या आधी...

"मिस व्हिटलो टोकावर गेल्या होत्या," मी म्हटलं. "बागेतून धूर बघत..."

बाग सोमवारपासून बंद होती. दोर मी स्वतः पाहिला होता. इतक्या सरळ थापेवर मी मान डोलवून त्यांना पस्तित्सी वाढली होती, कारण त्या वेळी कुणी कुठं होतं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

"टोपी," साल्वू म्हणाला. तो आत्तापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. "जाताना दोनदा उडाली. येताना फितीनं बांधली होती. लाल फीत. मी मनात म्हटलं, चला, बाई आपल्या क्लबाची निघाली."

मी फाटकाकडे धावले. पहारेकऱ्यानं पास मागितला. माझ्याकडे फक्त धक्क्याचा होता, जहाजाचा नव्हता. मी रेनाल्डला फोन लावला. तो म्हणाला, मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय जहाजावर पाऊल ठेवता येत नाही. मॅजिस्ट्रेटच्या कारकुनाला फोन लावला तर तो म्हणाला, साहेब वाटेत आहेत, गाडी चालवताना फोन घेत नाहीत. ब्रेक्के आत जाऊन कुणाला तरी सांगतो म्हणाले, आणि गेलेही. पाच वाजले. सव्वापाच झाले. विस्तिननं जुन्या ओळखीनं बंदराच्या कचेरीत तीन माणसांना बोलावून घेतलं. तिघांनीही त्याला खुर्ची आणून दिली, पाणी आणून दिलं, आणि आमच्या हातात काही नाही म्हणून सांगितलं. साडेपाचला भोंगा झाला आणि दोर सुटले.

सातव्या मजल्यावरच्या कठड्याशी ती उभी होती. तिनं मला ओळखलं. टोपी काढली आणि फितीला धरून हलवली, अगदी प्रेमानं. एवढ्या लांबूनही लाल रंग स्पष्ट दिसत होता. मी काय करणार होते? लोक हात हलवत होते, माझाही हात वर गेला.

७

मॅजिस्ट्रेट सहाला आले. विस्तिन चर्चच्या मागच्या खोलीत आला, म्हणजे त्याला आणला, आणि त्यानं सगळं क्रमानं सांगितलं. रेनाल्ड मान खाली घालून लिहीत होता. एकच जागा रिकामी राहिली होती. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "पण गाठोड्यात होतं काय?"

पापा भिंतीकडे बघत होते.

विस्तिननं खिशातून फडकं काढून टेबलावर पसरलं. निळी चौकडी, मधे तेलाचा डाग. "पाव," तो म्हणाला. "तीन वर्षं मी जुझाला दुवा देतोय. तिनं कधी ठेवलाच नव्हता."

रेनाल्डनं लेखणी खाली ठेवली.

"आणि निळं फडकं?" मी हळूच विचारलं.

"लाल असतं तर त्यानं तोंड लावलं असतं का?" पापा म्हणाले. त्या दुपारनंतरचे त्यांचे पहिले शब्द.

दुन मिकीलनी किल्ली पुढं केली. माफी मागितली, रडलेही. पापांनी ती घेतली नाही.

"चोरी मी केली नाही," ते म्हणाले, "पण दार मी उघडं टाकलं. रोज टाकत होतो. ही किल्ली आता माझी नाही, दुन मिकील."

मी पुष्कळ समजावलं. त्यांनी माझं ऐकून घेतलं, जेवणाचं विचारलं, बाकी काही नाही. मी विचारलेल्या त्या प्रश्नाबद्दल ते कधीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी जहाजाच्या पुढच्या मुक्कामाहून, सिसिलीहून, पोलिसांचं सभ्य पत्र आलं. बाईंनी स्वतः सामान उघडून दाखवलं, काही मिळालं नाही, आणि तशी फीत कुठल्याही दुकानात मिळते. रविवारी मिरवणूक निघाली. पावलं गेली, हृदयं गेली, पाळणे गेले. होडीच्या जागी दुन मिकीलनी मखमलीवर नुसता खिळा ठेवला होता. बायका त्याच्याकडे बघून रडत होत्या आणि मग माझ्याकडे बघत होत्या.

सोमवारी पापा सकाळपासून खिडकीत बसून होते. करायला काही नव्हतं. बाराला दहा कमी झाले तेव्हा ते उठले, पाव कापला, टोमॅटो चोळला, तेल घातलं, निळ्या फडक्यात बांधला. आता लपूनछपून बाजूच्या गल्लीनं जायचं कारण नव्हतं. ते भर चौकातून गेले, लाल क्लबाच्या दारावरून. खेळत बसलेले हात पत्त्यांवरच थांबले. मी मागोमाग गेले.

विस्तिन दारातच होता. शेजारी दुसरी खुर्ची होती. पापांनी गाठोडं स्टुलावर ठेवलं आणि वळले.

"कार्मनू," विस्तिन म्हणाला.

तीस वर्षांत त्यानं ते नाव पहिल्यांदा घेतलं. पापा थांबले.

"तीन वर्षं सांगायचं राहून गेलंय. मीठ कमी असतं."

पापा मागे फिरले. मग त्या रिकाम्या खुर्चीवर बसले, गाठ सोडली, आणि म्हणाले, "तुझा ढोल आधीच फाटका होता."

पलीकडच्या तटावर तोफ झाली.